न्यायमूर्ती जोनाथन जॅस्पर राइट

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या जनतेला अर्पण केला. त्या वर्षी अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्ती होते आणि त्यांतील एक कृष्णवर्णीय होते. त्यांचे नाव जोनाथन जॅस्पर राइट.

राइट यांचा जन्म १८४० साली पेनसिल्व्हेनियात झाला. शाळेत शिकवत, वकिलाच्या कचेरीत बसून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. पण सनदेची वेळ आली तेव्हा कातडीचा रंग आडवा आला. त्यांची परीक्षाच घेतली गेली नाही. १८६५ मध्ये ते साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्टला गेले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना शिकवू लागले. १८६६ चा नागरी हक्क कायदा होताच ते परतले व सनद मिळवली. पेनसिल्व्हेनियातील ते पहिले कृष्णवर्णीय वकील. सनद घेऊन ते पुन्हा ब्यूफर्टला आले आणि मुक्त गुलामांचे कायदेविषयक सल्लागार झाले.

१८६८ मध्ये चार्ल्सटन येथे राज्याची नवी घटना लिहिली गेली. १२४ प्रतिनिधींपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. राइट त्यांपैकी एक. या घटनेने वर्णभेद न करता पुरुषांना मताधिकार दिला आणि सरकारी शाळांची दारे सर्वांना उघडली. त्यानंतर राइट राज्याच्या सिनेटवर निवडून आले. फेब्रुवारी १८७० मध्ये विधिमंडळाने त्यांना सर्वोच्च न्यायालयावर निवडले. अमेरिकेच्या कोणत्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती ठरले.

सात वर्षे त्यांनी निकाल लिहिले. मग १८७६ ची निवडणूक आली. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी दहशत माजवली. निकालानंतर दोन गव्हर्नर सत्तेवर दावा सांगू लागले आणि वाद न्यायालयात आला. सरन्यायाधीश आजारी होते. राइट यांनी आधी गोऱ्यांचे नेते वेड हॅम्प्टन यांच्या बाजूच्या आदेशावर सही केली आणि दोनच दिवसांत ती मागे घेतली. ही त्यांची डळमळ झाकण्याचे कारण नाही. परंतु कोणत्या दडपणाखाली ते बसले होते, हेही विसरता येत नाही.

एप्रिल १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य हटले आणि हॅम्प्टन यांची सत्ता पक्की झाली. लगेच राइट यांच्यावर मद्यपानाचा आरोप ठेवून महाभियोगाची तयारी सुरू झाली. त्यांनी आरोप नाकारला. पण ज्या विधिमंडळासमोर न्याय मागायचा, तेच फिर्यादी होते. त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांनी चार्ल्सटनला वकिली केली, कृष्णवर्णीय तरुणांना कायदा शिकवला. १८८५ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले.

१८९५ मध्ये नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकारही जवळजवळ संपवला. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पुढचा कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, अर्नेस्ट फिनी, १९८५ मध्ये निवडला गेला. मधल्या एकशे आठ वर्षांत कायद्याची पुस्तके होती, न्यायालयेही होती. नव्हते ते मताचे बळ. एक खुर्ची मिळाली म्हणजे हक्क मिळाला असे नाही. ती खुर्ची राखणारा समाज मागे उभा राहू शकला पाहिजे, हेच राइट यांचे आयुष्य सांगते.