ओवीतून चर्चपर्यंत : लक्ष्मीबाई टिळक

आमच्या घाटनांदूरहून आंबाजोगाई काही लांब नाही. तिथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यामुळे ओवी म्हटलं की ती आपल्याच मातीतली, हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. सासूबाईंच्या पिढीनं तर ती जात्यावरच ऐकली. पण याच ओवीत एका बाईनं येशूचं अख्खं चरित्र रचलं, हे किती जणींना माहीत आहे? त्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'वाल्या.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! धुतल्यावर मीठ उरायचं किती, हा हिशोब घरातल्या बायकांनीच केला असेल. अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांची बायको झाली. शाळा तिला कधी मिळालीच नाही. नवरा मात्र कवी, हुशार आणि भयंकर लहरी. नोकरी एका गावी धरायची, मन दुसऱ्याच गावी. संसार कायम बोचक्यात बांधलेला.

आधीची मुलं लहानपणीच गेली आणि १८९१ मध्ये झालेला दत्तू तेवढा हाती लागला. तो जेमतेम चार वर्षांचा असताना, १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी पत्ताही नाही. मैत्रिणींनो, त्या काळात याचा अर्थ काय, याचा जरा विचार करा. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. तिला विधवा म्हणता येत नाही आणि सवाष्ण म्हणायलाही लोकांची जीभ अडखळते. काही वर्षं त्या नातलगांच्या आधारानं पंढरपूरला राहिल्या. लहान मुलाला कुशीत घेऊन रात्री किती रडल्या असतील!

पुढे त्या टिळकांकडे नगरला गेल्या, पण धर्म सोडला नाही. आपली चूल वेगळी ठेवली आणि सोवळं सांभाळलं. मला त्यांची हीच गोष्ट फार आवडते. नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. जातिभेद देवानं केला की माणसानं, हे त्यांनी मनाशी घोळवत ठेवलं, आणि स्वतःला उत्तर सापडलं तेव्हा सगळ्यांच्या हातचं खायला लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

नगरच्या चर्चमध्ये तेव्हा एक वेगळीच हवा होती. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गीतं टिळकांना रुचेनात. त्यांनी अभंग आणि भजनं लिहायला घेतली. टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी, आपल्या कानांना ओळखीची वाटणारी. रविवारच्या उपासनेला जाताना लक्ष्मीबाईंना माहेरचा सूर पारखा झाला नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. मराठी ख्रिस्ती घरांत ही भजनं आजही गायली जातात.

आईपण तर त्यांचं दत्तूपुरतं कधी उरलंच नाही. ताराला त्यांनी मुलगी म्हणून वाढवलं. घरात परकी पोरं सदा असायचीच. बालकवी ठोंबरे हा त्यांतलाच एक, हळवा आणि हट्टी. त्याचे रुसवेफुगवे त्यांनी पोटच्या पोरासारखे काढले. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला आणि पुरतं वर्ष लोटलं तोच, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले. नगरला प्लेग आला तेव्हा छावणीतल्या रोग्यांची सेवा करणारी ही बाई आता एकटी पडली. पण बसून राहिली नाही. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी केली.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' सुरू केलं होतं. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं! शब्द कमी पडत असतील, पण ओवीचा ठेका लहानपणापासून कानात बसलेला होता, त्याला कुणाची शिकवणी लागत नाही.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. वडिलांच्या आठवणी लिहून दे, म्हणून मुलानं, देवदत्तनं, मागे लागून त्यांना लिहितं केलं. १९३४ पासून चार भाग निघाले. नवऱ्याच्या आठवणी लिहायला बसलेली बाई स्वतःचीच कथा सांगून गेली, आणि तीही हसतहसत. कुठे कुढणं नाही की कुणावर ठपका नाही. विजया मेहतांनी त्यावर टीव्हीसाठी चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. कुणाला तो आठवतही असेल. पण पुस्तकच वाचा. गावच्या वाचनालयात बहुधा मिळेल, नाहीतर मागवून घ्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी चौथा भाग निघाला.