केशवराव भोसले : नटाचे चरित्र आणि नाट्यवाङ्मयाचा इतिहास

मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास बहुतांशी नाटककारांच्या नावांनी लिहिला गेला आहे. किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, वरेरकर ही मालिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात ठरलेल्या क्रमाने येते. नटांचा उल्लेख येतो तो प्रयोगाच्या यशापयशाच्या संदर्भात, आणि तोही पुष्कळदा आठवणींच्या स्वरूपात. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. जे नाटक लिहिले गेले, ते लिहिले जावे अशी परिस्थिती कोणी निर्माण केली? संगीत रंगभूमीच्या ऐन भराच्या काळात नव्या नाटकाची निवड, त्याचा खर्च आणि त्यातील धोका ही सर्व जबाबदारी नाटक मंडळीच्या मालकाची असे. हा मालक स्वतः प्रमुख नटही असला, तर त्याच्या आवडीनिवडीचा आणि धैर्याचा प्रत्यक्ष परिणाम वाङ्मयावर होत असे. संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांचे चरित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यांच्या गायनाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्या मानाने नाट्यलेखनाला वळण देणारा मंडळीचालक म्हणून त्यांचा विचार कमी झाला आहे.

१

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे एका गरीब मराठा कुटुंबात झाला. वडील विठ्ठलराव ते लहान असतानाच वारले. मुलांना वाढविण्याची जबाबदारी आई जनाबाई यांच्यावर आली. त्या काळात निराधार कुटुंबातील गोड गळ्याच्या मुलाला नाटक मंडळीचा एक मार्ग उपलब्ध होता. मंडळीत दोन वेळचे जेवण मिळे, राहण्याची सोय होई आणि गाण्याची तालीमही मिळे. त्याच्या बदल्यात शाळा सुटे, घर सुटे आणि फिरत्या बिऱ्हाडाची कडक शिस्त अंगवळणी पाडून घ्यावी लागे. केशवराव बालवयातच जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांचे खरे शिक्षण झाले ते तालमीत. भाषा, पाठांतर, उच्चार, लोकव्यवहार हे सारे त्यांनी रंगभूमीवरच आत्मसात केले.

बालनट म्हणून त्यांची कीर्ती झाली ती देवलांच्या ‘शारदा’ या नाटकातील नायिकेच्या भूमिकेमुळे. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा विषय जरठकुमारी विवाह हा होता. पौराणिक आणि अद्भुतरम्य कथानकांत रमलेल्या संगीत नाटकाला देवलांनी या कृतीत घरच्या अंगणात आणले होते. शारदेचे वय आणि भूमिका करणाऱ्या मुलाचे वय यांत फारसे अंतर नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. प्रौढ नटाला अभिनयाने जे साधावे लागते, ते या मुलाच्या कोवळ्या आवाजात आणि देहात आधीच होते. वृद्ध वराला दिल्या जाणाऱ्या मुलीची भीती प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसली. सामाजिक प्रश्न गाण्यातून मांडता येतो आणि तो लोकांच्या काळजाला भिडतो, हा अनुभव केशवरावांना वयाच्या फार आरंभीच मिळाला. पुढे स्वतःच्या मंडळीसाठी नाटके निवडताना त्यांनी जी दिशा घेतली, तिचे एक मूळ या अनुभवात असावे, असे मानण्यास जागा आहे.

२

१९०८ च्या आरंभी हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष होते. तुलनेसाठी सांगावयाचे तर बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले ते १९१३ मध्ये, वयाच्या पंचविशीत. कोणतीही पुंजी किंवा घराण्याचा आधार नसलेल्या मुलाने त्यापूर्वी पाच वर्षे स्वतःची संस्था उभी केली होती. हुबळीची निवडही अर्थपूर्ण आहे. धारवाड, बेळगाव, हुबळी हा तत्कालीन मुंबई इलाख्यातील कानडी मुलूख मराठी संगीत नाटकाचा चाहता होता आणि मराठी मंडळ्यांचे दौरे तेथे नेहमी होत. भाषा पूर्णपणे कळो न कळो, गाण्याची पारख असलेला हा प्रेक्षक होता. नव्या मंडळीला उभे राहण्यास असा प्रदेश सोयीचा होता.

नाटक मंडळी चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या अभ्यासकाला सहज येणार नाही. नट, साजिंदे, रंगपट सांभाळणारे, स्वयंपाकी अशा मोठ्या गोतावळ्याचा रोजचा खर्च मालकाला भागवावा लागे. नवे नाटक घ्यावयाचे म्हणजे नाटककाराचा मोबदला, पदांच्या चाली, काही महिन्यांच्या तालमी, नवे पडदे आणि नवा पोशाख, एवढा खर्च तिकिटाचा पहिला रुपया हाती येण्यापूर्वी करावा लागे. त्यामुळे बहुतेक मंडळ्या ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ अशा खात्रीच्या नाटकांवर भर देत. नवा लेखक हा मालकाच्या दृष्टीने धोका असे.

केशवरावांनी हा धोका पुनःपुन्हा पत्करला. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले आणि त्यातील मृणालिनीची केशवरावांची भूमिका विशेष गाजली. वामनराव हे राष्ट्रीय चळवळीत वावरणारे लेखक होते. त्यानंतर भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर यांचा ललितकलादर्शशी संबंध आला. हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक १९१६-१७ च्या सुमारास आणि धर्मांतर व शुद्धी यांचा विषय हाताळणारे ‘संन्याशाचा संसार’ हे नाटक १९१९ मध्ये आले. ही दोन्ही नाटके मराठी रंगभूमीच्या वळणावर उभी आहेत. राजे, सेनापती, स्वयंवरे आणि ऋषींचे आश्रम सोडून समकालीन घरातील माणसे, त्यांचा पैशाचा व्यवहार आणि त्यांचे धार्मिक पेच संगीत नाटकात येऊ लागले. वरेरकरांना नाटककार म्हणून स्थिर होण्यास जी संधी मिळाली, तिच्यात केशवरावांचा वाटा मोठा होता. वरेरकरांचा अभ्यास करताना त्यांच्यावरील पाश्चात्त्य नाट्याच्या प्रभावाची चर्चा आपण करतो. तो प्रभाव मराठी प्रेक्षकापर्यंत ज्याच्या मंडळीने आणि गळ्याने पोहोचविला, त्याची चर्चा त्याच वेळी व्हावयास हवी.

या निवडीमागे केवळ समाजसुधारणेचा उत्साह होता असे मानणे मात्र एकांगी ठरेल. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाशी त्याच प्रकारच्या नाटकांनी स्पर्धा करणे कठीण होते. स्वतःचा वेगळा प्रेक्षक घडविणे ही ललितकलादर्शची व्यावसायिक गरजही होती. कलात्मक दृष्टी आणि व्यावसायिक गरज यांचा येथे मेळ बसला, एवढे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

३

केशवरावांच्या गाण्याला पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम लाभली. वझेबुवांची गायकी जोरकस, दाणेदार आणि अनवट रागांची जाण असलेली होती. केशवरावांचा आवाज मुळातच उंच, पल्लेदार आणि वेगवान तानेचा. बालगंधर्वांच्या गायनात माधुर्य आणि लाडिकपणा होता, तर केशवरावांच्या गायनात तेज आणि आवेग होता, असा भेद त्या काळच्या रसिकांनी केला. ‘संगीतसूर्य’ हे बिरुद त्या दृष्टीने समर्पक आहे. नाट्यसंगीताच्या अभ्यासकांनी हे दोन प्रवाह समांतर मानले पाहिजेत. त्यांपैकी एकाला प्रमाण धरून दुसऱ्याला त्याच्या मापाने मोजण्याची सवय आपल्या लेखनात आढळते, ती न्याय्य नाही.

कोल्हापूरशी केशवरावांचे नाते केवळ जन्मगावाचे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय आणि जिव्हाळा लाभला. मंगळवार पेठेत महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान पूर्ण केले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले होते आणि त्या धर्तीवर कोठूनही कुस्ती दिसावी अशी या मैदानाची रचना झाली. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. तालमीची माती आणि नाटकाचा पडदा शेजारी शेजारी असणे ही कोल्हापूरची खास ओळख आहे. शाहू महाराजांच्या प्रेरणेने केशवरावांनी खासबागेच्या उघड्या मैदानात ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला. ध्वनिवर्धकाची सोय नसताना मोकळ्या आकाशाखाली एवढ्या मोठ्या जनसमुदायापर्यंत आवाज पोहोचविणे हे गायनसामर्थ्याचे लक्षण होतेच. त्यातील सामाजिक आशय अधिक मोलाचा आहे. बंदिस्त थिएटरचे तिकीट ज्याला परवडत नसे, त्या कष्टकरी माणसाला कुस्तीच्या मैदानात संगीत नाटक पाहता आले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या राजाच्या धोरणाशी हा प्रयोग सुसंगत होता, आणि तो सादर करणारा नटही त्याच थरातून वर आलेला होता.

४

केशवरावांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेली घटना म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये झालेला ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्वांनी भामिनीची आणि केशवरावांनी धैर्यधराची भूमिका केली. खाडिलकरांचे हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर होते आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींमुळे त्यातील पदे घरोघर पोहोचली होती. तिकिटांचे दर त्या काळाच्या मानाने फार मोठे असूनही प्रयोगाला अलोट गर्दी झाली. दोघांच्या चाहत्यांचे तट पडलेले होते आणि कोण कोणावर मात करतो, हीच अनेकांची उत्सुकता होती.

आजच्या वाचकाने या प्रयोगाकडे पाहताना जुगलबंदीची ही उत्सुकता थोडी बाजूला ठेवून नाटकाचे कथानक आठवावे. श्रीमंत भामिनी धैर्यधराला गरीब शिपाईगडी म्हणून झिडकारते. पुढे वनमालेच्या वेषात त्याच्या सहवासात आल्यावर त्याच्या पराक्रमाची आणि शीलाची तिला ओळख पटते. धनापेक्षा कर्तृत्व श्रेष्ठ, हा या नाटकाचा गाभा. गरिबीतून स्वतःच्या कर्तृत्वावर उभ्या राहिलेल्या केशवरावांनी धैर्यधर साकारला, तेव्हा भूमिका आणि जीवन यांच्यातील साम्य जाणत्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटले नसावे. शिवाय स्त्रीभूमिकांसाठी ख्यातकीर्त असलेल्या या नटाने एवढ्या मोठ्या कसोटीच्या प्रसंगी पुरुषभूमिका पेलली, हेही नोंद घेण्यासारखे आहे.

या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे आजारपणात निधन झाले. वयाची एकतीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजही गेले. बालगंधर्व १९६७ पर्यंत हयात होते. आयुर्मर्यादेतील या फरकाचा परिणाम दोघांच्या प्रतिमेवर झाला आहे. एकाच्या कलेचा उत्कर्ष आणि उतार दोन्ही लोकांनी पाहिले, त्यावर ग्रंथ झाले, परंपरा निर्माण झाली. दुसऱ्याची आठवण एका रात्रीच्या प्रयोगाभोवती गोठून राहिली. त्यामुळे केशवराव हे बालगंधर्वांचे प्रतिस्पर्धी म्हणूनच बहुधा ओळखले जातात. हे वर्णन खोटे नाही, पण ते अपुरे आहे.

५

केशवरावांच्या कार्याची खरी कसोटी त्यांच्या मृत्यूनंतर लागली. मालक-नट गेला की मंडळी मोडते, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव होता. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी तिची धुरा घेतली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’, तर १९२३ मध्ये ‘तुरुंगाच्या दारात’ रंगभूमीवर आणले. पहिल्या नाटकात गांधीयुगाचे वारे आहे, तर दुसऱ्यात अस्पृश्यतेचा प्रश्न. केशवरावांनी घालून दिलेल्या दिशेतच ही वाटचाल झाली. बापूरावांच्या निधनानंतर (१९३७) खंडित झालेली संस्था त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी १९४२ मध्ये पुन्हा उभी केली आणि पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ अशी नाटके तिने दिली. एका अठरा वर्षांच्या मुलाने हुबळीत लावलेले रोप तीन पिढ्या टिकले.

पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ही वास्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. कोल्हापूरच्या कलावंतांनी आणि नागरिकांनी व्यक्त केलेली हळहळ खरी होती आणि वास्तू पुन्हा उभी राहावी ही मागणीही रास्त होती. साहित्याच्या अभ्यासकांपुढील काम मात्र निराळे आहे. ललितकलादर्शने केशवरावांच्या कारकिर्दीत कोणती नाटके घेतली, प्रयोगासाठी संहितेत कोणते फेरफार झाले, पदांची संख्या आणि जागा कशी ठरली, यांचा पद्धतशीर अभ्यास झाल्यास वरेरकरपूर्व आणि वरेरकरोत्तर नाटकातील सांधा अधिक स्पष्ट होईल. संगीत नाटकाची संहिता ही लेखक, गायक आणि मंडळीचालक यांच्या सहकार्यातून सिद्ध होते, हे तत्त्व आपण व्याख्यानांत मान्य करतो. ते संशोधनात उतरवावयाचे असेल, तर आरंभ केशवराव भोसल्यांपासून करणे उचित ठरेल.