क्लॉड मार्टिनचा मुतखडा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत भट्टीपाशी उभे राहणाऱ्या किंवा मिठागरात दिवसभर राबणाऱ्या माणसांना मुतखड्याची कळ नवी नाही. घाम भरपूर जातो, पाणी कमी प्यायले जाते, लघवी दाट होते आणि तिच्यातल्या क्षारांचा खडा बनतो. याच दुखण्याने लखनौतल्या एका बड्या असामीकडून विलक्षण धाडस करवून घेतले.

क्लॉड मार्टिन १७३५ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जन्मला. सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे इंग्रजांच्या कंपनीत शिरला. बंगालच्या मोजणीत नकाशे काढले. मग लखनौला नवाब असफउद्दौलाच्या शस्त्रागाराचा प्रमुख झाला. बंदुका, घड्याळे, यंत्रे यांत त्याचा हात चांगला बसलेला होता. व्यापार आणि सावकारीतून त्याने अमाप पैसा मिळवला.

पण मूत्राशयातल्या खड्यापुढे पैसा चालेना. तेव्हा भूल नव्हती. शुद्धीवर असलेल्या रोग्याला धरून ठेवून, चिरा देऊन खडा काढत. सुश्रुतसंहितेतही अशी शस्त्रक्रिया सांगितली आहे. पण ती जीवावर बेतणारी असे. मार्टिनने ती नाकारली. १७८२ साली त्याने बारीक पोलादी तारेच्या टोकाला कानशीसारखे दाते पाडले, ती नळीतून स्वतःच्या मूत्रमार्गात सरकवली आणि मूत्राशयातला खडा थोडाथोडा घासत राहिला. दिवसातून अनेकदा, असे काही महिने. खड्याचा भुगा लघवीवाटे पडत गेला आणि त्याला आराम पडला.

चिरा न देता मूत्रमार्गातूनच खडा फोडायचा, ही कल्पना पॅरिसच्या ज्याँ सिव्हिआलने १८२४ साली रोग्यांवर यशस्वी केली. मार्टिनचा लघवीचा त्रास मात्र कायमचा सुटला नाही. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो लखनौत वारला. मृत्युपत्राप्रमाणे त्याच्या पैशातून लखनौ, कोलकाता आणि लियाँ येथे ला मार्टिनियर शाळा निघाल्या.

त्याच्या हिमतीचे कौतुक करावे, अनुकरण मुळीच करू नये. मूत्राशयातून निसटलेला खडा मूत्रमार्गात अडकला की धार बारीक होते किंवा एकदम थांबते, थेंबथेंब लघवी होते, कळ इंद्रियाच्या टोकापर्यंत जाते, कधी रक्त पडते. लहान मुलगा लघवी करताना रडत इंद्रिय ओढू लागला, तरी ही शंका घ्यावी. घरी तार, काडी घालणे किंवा जोराने दाबणे यांमुळे मूत्रमार्ग फाटतो. जखम भरताना तो आकसतो आणि मग जन्माचा त्रास मागे लागतो.

डॉक्टर हाताने तपासतात. लघवीची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बीण यांनी खडा नेमका कुठे आहे ते कळते. टोकाजवळचा लहान खडा बधिर करणारी जेली घालून अलगद काढता येतो. आतल्या बाजूचा खडा बहुधा मूत्राशयात मागे ढकलून लेसरने फोडतात. लघवी पूर्ण तुंबली असेल, किंवा त्यातच थंडी-ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रात्रपाळी सोडून थेट रुग्णालय गाठावे. आणि खडा निघाल्यावरही लघवी पाण्यासारखी फिकट राहील इतके पाणी प्यावे, कारण खडा पुन्हा होऊ शकतो.