जॉर्ज बलाबुश्का: ज्याच्या आडनावानेच क्यू ओळखला जातो

मोबाईलवर एट बॉल पूल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळलं असेल. त्यात क्यू बदलला की फोर्स, एम, स्पिनचे आकडे बदलतात आणि समोरच्याकडे भारी क्यू दिसला की आपण खेळायच्या आधीच अर्धे हरतो. जव्हारमध्ये कॅरमनंतर मी सगळ्यात जास्त हाच गेम खेळलोय. खरं पूल टेबल पाहिलं ते इंजिनीअरिंगला बाहेर पडल्यावर. गेममधला क्यू तुमच्या अकाउंटमध्येच पडून राहतो. खरा क्यू मात्र या हातातून त्या हातात जातो, आणि दरवेळी त्याची किंमत नव्याने ठरते. ही किंमत नेमकी कशामुळे ठरते हे समजून घ्यायचं, तर जॉर्ज बलाबुश्का या माणसाचं आयुष्य बघायला हवं.

बलाबुश्काचा जन्म ९ डिसेंबर १९१२ रोजी रशियात झाला. मूळ नाव ग्रिगोरी. १९२४ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. पुढे सुतारकाम, लाकडी खेळणी, फर्निचर अशी मिळतील ती कामं केली. म्हणजे आयुष्याची पहिली काही दशकं तो एक चांगला सुतार होता, बस्स. पूलचं वेड होतं, पण ते कामानंतरचं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. स्नूकरचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं मानतात. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा कोणत्याही वैयक्तिक खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते होते. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, बलाबुश्काने एका भागीदाराबरोबर पूलचा हॉल विकत घेतला आणि त्याच वर्षी मित्रांना भेट देण्यासाठी क्यू बनवायला सुरुवात केली. भेट मिळालेल्यांनी ते क्यू घेऊन खेळायला सुरुवात केल्यावर बाकीचे विचारू लागले. १९६१ मध्ये द हसलर हा सिनेमा आला, अमेरिकेत पूलची लाट आली आणि मागणी वाढतच गेली. ब्रुकलिनमधल्या वर्कशॉपमध्ये भेटवस्तूंचा धंदा झाला.

आता थोडं तंत्र. आपला क्यू घेऊन फिरणाऱ्या खेळाडूला तो दोन तुकड्यांत लागतो: मागचा जाड भाग म्हणजे बट, पुढचा बारीक भाग म्हणजे शाफ्ट, आणि मध्ये स्क्रूचा सांधा. बटवर जे टोकदार त्रिकोण दिसतात ते बऱ्याच स्वस्त क्यूंवर नुसते छापलेले असतात. अस्सल कामात दोन रंगांची लाकडं, आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवतो तशी, बसवून चिकटवतात. या तयार तुकड्याला ब्लँक म्हणतात. बलाबुश्का सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट नावाचे एकसंध क्यू घेऊन त्यातून आपले क्यू घडवायचा. पुढे त्याने बर्टन स्पेनकडून ब्लँक घेतले, आणि १९७० नंतर गस झाम्बोटीकडून. सांधा स्टीलचा, पकडीला आयरिश लिननचा दोरा.

मग त्याचं स्वतःचं काय होतं, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. उत्तर आहे जोडणी आणि तोल. सगळं कोड स्वतः लिहिणाराच चांगला प्रोग्रॅमर असतो असं थोडंच आहे? लाकूड वर्षानुवर्षं सरळ राहावं म्हणून क्यू घडवणारे लेथवर एकदम न कापता थोडं थोडं कापतात, मध्ये दिवसच्या दिवस लाकडाला तसंच राहू देतात. बलाबुश्काच्या हातचे क्यू मारताना जो ठोका देतात त्याला खेळाडू भुलले. सुमारे सोळा वर्षांत त्याने एक हजार ते बाराशे क्यू बनवले असा अंदाज आहे. म्हणजे आठवड्याला दीडसुद्धा नाही.

५ डिसेंबर १९७५ रोजी तो गेला. त्रेसष्टावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

खरी प्रसिद्धी त्यानंतरची. १९८६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या द कलर ऑफ मनीमध्ये टॉम क्रूझच्या पात्राला बलाबुश्का भेट मिळतो, आणि जगभरच्या पोरांना हे आडनाव पाठ झालं. गंमत म्हणजे पडद्यावरचा क्यू बलाबुश्का नव्हताच, तो जॉस कंपनीचा, तसा दिसणारा क्यू होता. अस्सल क्यू शूटिंगमध्ये वापरायला फारच मौल्यवान होता. नंतर त्याच्या नावाचा परवाना घेऊन बनवलेले क्यू आले, आणि अर्थातच नकलीही आल्या. आज जाणकार ब्लँक कुणाचा, सांधा कसा, रिंगा कशा, हे बघून क्यूचं वर्ष ठरवतात. एखाद्या जुन्या ॲपमध्ये कोणत्या लायब्ररीची कोणती व्हर्जन आहे यावरून ते कधीचं ते ओळखावं, अगदी तसं. पण यासाठी जाणकार लागतो, आणि जाणकाराची फी.

आज सेकंडहँड कस्टम क्यूंच्या जाहिराती बघा. बलाबुश्का, झाम्बोटी अशी वरची नावं टिकून आहेत. मधल्या दर्जाचे, कुणीतरी हौसेने ऑर्डर देऊन बनवून घेतलेले सुंदर क्यू मात्र पडून राहतात, किंमत उतरवत उतरवत विक्रेता थकतो. माझ्या मते कारणं तांत्रिक आहेत. सीएनसी मशीन आल्यापासून बारीक जडावकाम फाइल लोड करून होतं, त्यामुळे नुसत्या नक्षीचं अप्रूप राहिलं नाही. मग आले कार्बन फायबरचे शाफ्ट. चेंडूला मध्यभागापासून बाजूला मारलं की तो थोडा भलतीकडे सरकतो. शाफ्टचं टोक हलकं असेल तर हे सरकणं कमी होतं. नव्या खेळाडूला हेच हवंय, शिवाय तो शाफ्ट दमट हवेत वाकत नाही. जव्हारचा पाऊस पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरं कारण हस्तिदंत. कित्येक जुन्या क्यूंमध्ये तो टोकाला, सांध्यात किंवा नक्षीत असतो. अमेरिकेने २०१६ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली, आणि भारतात तर त्याचा व्यापार गुन्हाच आहे. परदेशातून जुना क्यू मागवायचा विचार असेल तर आधी हे तपासा, मग डिस्काउंट बघा.

या सगळ्यात मला खटकतं ते वेगळंच. क्यू दहा वेळा विकला गेला तरी बनवणाऱ्याच्या घरी पहिल्या विक्रीनंतर काही जात नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे: चित्र, शिल्प अशा मूळ कलाकृतीची फेरविक्री दहा हजार रुपयांच्या वर झाली, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के, मिळू शकतो. पण फेरविक्री झाली हे कळणार कसं, आणि वस्तू कुणाची हे सिद्ध कोण करणार? वारली चित्रकलेला जीआय टॅग आहे. तो कला कुठली ते सांगतो, एखादं चित्र कुणाच्या हातचं हे नाही.

आमच्याकडे जव्हार-मोखाड्यात बोहाड्याचे मुखवटे बनतात. सोंगं नाचवणाऱ्या घरांतले मुखवटे विकायचे नसतातच, पण शहरातली माणसं भिंतीवर लावायला वेगळे बनवून घेतात. मोखाड्याकडच्या एका मुखवटेवाल्या काकांनी मला विचारलं होतं की मोबाईलवरून यात काही करता येईल का. ब्लॉकचेन वगैरे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, ते मी गिळले. त्यांच्या फोनमध्ये एक साधी शीट केली: अनुक्रमांक, तारीख, लाकूड की कागदाचा लगदा, घेणाऱ्याचं गाव, पुढून आणि मागून फोटो. नेटवर्क नसलं तरी भरता येते, आल्यावर सिंक होते. तोच नंबर मुखवट्याच्या आतल्या बाजूला. आतापर्यंत सव्वीस नोंदी झाल्यात. नंबर कोरायचा की रंगवायचा, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. कोरला तर लगदा तडकतो असं त्यांचं म्हणणं, आणि रंग पुसला जातो असं माझं.