इमारत लिलावात गेली, पण विष्णु दिगंबर पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय बंद पडलं नाही

भोर-वेल्ह्याकडच्या गावांत भजनी मंडळ असतं आणि त्या मंडळाचे एक बुवा असतात. चाली त्यांनाच पाठ, पेटीची किल्ली त्यांच्याकडे, वर्गणी जमते ती त्यांच्या शब्दावर, आणि पखवाजाची पुडी बदलून आणायलाही पुण्याला तेच जातात. मंडळ जोरात चालतं. मग बुवा थकतात, पोरं कामाधंद्याला शहरात जातात, आणि दोन-चार वर्षांत पखवाज देवळातल्या खुंटीला लटकून राहतो.

बुवा गेल्यावर मंडळाचं काय? हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांसमोर होता. फरक एवढाच, की त्यांचं मंडळ लाहोरपासून मुंबईपर्यंत पसरलेलं होतं आणि डोक्यावर मोठं कर्ज होतं.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. मूळ आडनाव गाडगीळ, गाव पलूस, म्हणून पलुस्कर. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि डोळे अधू झाले. शाळा सुटली. उपचारासाठी मिरजेला आणलं, तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हेच बाळकृष्णबुवा.

त्या काळी गवयाला दरबारात बिदागी मिळायची, मान मिळेलच असं नाही. एक किस्सा कायम सांगितला जातो. मिरजेत एक समारंभ होता, विष्णुला बोलावणं आलं, गुरूंना आलं नाही. कारण काय, तर गवयांना अशा ठिकाणी बोलवत नाहीत. तो अपमान विष्णूच्या मनात राहिला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

पुढे बडोदा, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भटकंती झाली. या प्रवासात त्यांनी एक गोष्ट केली, जी आज अगदी साधी वाटते. तिकीट लावून गाणं. राजाने खूश होऊन थैली देण्यापेक्षा दहा माणसांनी पैसे मोजून गाणं ऐकावं, हा विचार तेव्हाच्या गवयांना पटणं अवघड होतं.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. एक मराठी माणूस, पंजाबात, गाण्याची शाळा काढतो. सुरुवातीला विद्यार्थी मिळेनात, कारण चांगल्या घरातली मुलं गाणं शिकत नाहीत अशीच समजूत होती. हळूहळू मुलं आली. मुलींसाठीही वर्ग निघाले.

संस्था चालवायची त्यांची पद्धत मात्र नीट बघण्यासारखी आहे. नुसते फी भरणारे विद्यार्थी त्यांना नको होते. त्यांनी उपदेशक वर्ग काढला. या वर्गातल्या मुलांचं राहणं-जेवण संस्थेकडे, बदल्यात अनेक वर्षं सोडून न जाण्याचा करार. पहाटे उठायचं, रियाज करायचा, खालच्या वर्गांना शिकवायचं, आणि तयार झालं की दुसऱ्या गावी जाऊन शाळा चालवायची. शिस्त कडक होती, कधीकधी जाचक वाटावी इतकी. पण गाणारा तयार करणं वेगळं आणि शाळा चालवणारा तयार करणं वेगळं, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

गाणं कागदावर उतरवायला त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं काढली. त्यामुळे लाहोरला जे शिकवलं जाई तेच दुसऱ्या शहरातल्या शाखेत शिकवता येई. गुरूच्या गळ्यातच अडकलेली विद्या वहीत आली. वहीतून सगळं गाणं शिकता येत नाही ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खोटी नाही. पण शाखा काढायची तर वही लागतेच.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. मोठी झाली, गाजली. मग स्वतःची इमारत हवी झाली आणि इथेच गणित बिघडलं.

इमारतीसाठी कर्ज काढलं. ते फेडायचं कशातून? मुख्यतः पंडितजींच्या जलशांतून आणि त्यांच्या नावावर येणाऱ्या देणग्यांतून. म्हणजे शाळेत शिक्षक अनेक, पण कमावणारा गळा एकच. त्यात पंडितजींचं मन वळलं रामनामाकडे. भगवी वस्त्रं आली, मैफलींच्या जागी रामायणाची प्रवचनं आली, नाशिकला रामनाम आधाराश्रम उभा राहिला. भक्ती वाढत गेली, व्याजही वाढत गेलं.

स्वभाव असा, की एकदा ठरवलं की मागे फिरणं नाही. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये ते वंदे मातरम् म्हणत होते, अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी आक्षेप घेतला, तरी पंडितजींनी गाणं पूर्ण केलंच. व्यासपीठावर हा हट्ट शोभून दिसला. सावकाराच्या हिशेबात त्याचा काही उपयोग नव्हता. अखेर मुंबईची इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी एवढी वणवण केली ती हातची गेली आणि मुंबईचा कारभार विस्कटला.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. बाकीची बहुतेक अपत्यं लहानपणीच गेलेली. घरात वारस म्हणावा तर हा एवढाच, आणि संस्थेची इमारत आधीच गेलेली. भजनी मंडळाच्या हिशेबाने इथे पखवाज खुंटीला लागायला हवा होता.

पण उपदेशक वर्गातली पोरं आता मोठी झाली होती. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. नारायण मोरेश्वर खरे तर गांधीजींच्या आश्रमात संगीत सांभाळत होते. देवधरांनी १९२५ मध्येच मुंबईत स्वतःची शाळा काढली होती (पुढे कुमार गंधर्व इथेच शिकले). प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, गाणं वेगळं, आणि कुणीही दुसऱ्याच्या हाताखाली राहील असा नव्हता.

त्यामुळे पंडितजींच्या गादीवर एकाला बसवण्याची कल्पना चालण्यासारखी नव्हतीच. त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्य अहमदाबादला जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. शाळा ज्याची त्याने आपापल्या गावी चालवायची, अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र मंडळाच्या. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, १९३९ मध्ये दिल्लीत त्याच नावाची संस्था उभी राहिली. एकाच इमारतीवर आणि एकाच माणसावर सगळा भार टाकायची चूक मंडळाने पुन्हा केली नाही.

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. आज तालुक्याच्या गावात पेटीच्या किंवा तबल्याच्या क्लासला जाणारं पोर ज्या परीक्षांचा फॉर्म भरतं, त्या याच मंडळाच्या. नावात अखिल भारतीय हे शब्द नंतर आले.

दहा वर्षांच्या दत्तात्रेयाला वडिलांकडून फारसं शिकायला मिळालं नाही. त्याला शिकवलं ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला, म्हणजे वडिलांनी पहिली शाळा काढली त्याच पंजाबात. पुढे तो डी. व्ही. पलुस्कर या नावाने देशभर ओळखला गेला.