पोलादापासून परळपर्यंत : सर दोराबजी टाटा

आमच्या सीमाभागात एखाद्या रुग्णाला टाटाला नेले आहे एवढे सांगितले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आजाराचे नाव त्यातच आलेले असते. मात्र ज्यांच्या पैशातून परळचे हे इस्पितळ उभे राहिले, त्या सर दोराबजींना आपण बहुधा जमशेटजींचे चिरंजीव एवढ्याच नात्याने ओळखतो.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिजला दोन वर्षे काढून ते परतले आणि १८८२ साली सेंट झेवियर कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे थोडा काळ त्यांनी वृत्तपत्रात नोकरी केली. १९०४ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांची मोठी स्वप्ने कागदावरच होती. पोलादाचा कारखाना, पाण्यापासून वीज आणि बंगळूरची विज्ञानसंस्था ही तिन्ही कामे दोराबजींनी धाकटे बंधू रतनजी व इतर सहकाऱ्यांच्या साथीने तडीस नेली. १९१२ मध्ये जमशेदपूरचे पहिले पोलाद बाहेर पडले. खेळाचेही त्यांना वेड होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्यात त्यांनी पदरचे पैसे घातले.

त्यांच्या पत्नी मेहेरबाई या म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख हरमसजी भाभा यांच्या कन्या, म्हणजे एका अर्थी आपल्या कर्नाटकच्याच. १८९८ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा दोराबजी अडतीस वर्षांचे होते आणि वधू वीस वर्षांनी लहान. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि बालविवाहाविरुद्ध सभांतून बोलत. दोराबजींनी त्यांच्यासाठी ज्युबिली नावाचा हिरा विकत घेतला होता. वजन २४५ कॅरट, कोहिनूरच्या दुपटीहून जास्त.

या हिऱ्याची गोष्ट आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले, आणि १९२४ मध्ये कारखान्यात कामगारांचे पगार द्यायलाही पैसे पुरेनात. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत भागधारकाने घरचे दागिने काढून द्यावेत असे कोणताही कायदा म्हणत नाही. तरीही दोराबजींनी पत्नीच्या जडजवाहिरासह आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कंपनीसाठी कर्ज उचलले. कंपनी सावरली, तारण सुटले.

पण १९३१ मध्ये जे संकट आले त्याला तारण चालण्यासारखे नव्हते. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी रेडियम आणि क्ष-किरण होते, शस्त्रक्रिया होती, पण रक्ताचा कर्करोग बरा करील असा उपाय जगातल्या कोणत्याच डॉक्टरापाशी नव्हता. या रोगावर थोडीफार चालणारी पहिली औषधे आली तीदेखील १९४७ नंतर. हिंदुस्थानातील एका अतिश्रीमंत माणसाची पत्नी वेल्समध्ये उत्तम शुश्रूषा असूनही १८ जून रोजी वारली.

त्यांना मूलबाळ नव्हते. मार्च १९३२ मध्ये दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती एका विश्वस्त निधीला देऊन टाकली. तारण आणि न्यास यांत फरक आहे. तारण परत मिळण्याच्या आशेने ठेवतात. न्यासात घातलेल्या पैशावर मालकाचा हक्क उरत नाही. स्थळ, राष्ट्र, धर्म असा भेद न करता तो खर्चावा एवढे सांगून त्यांनी बाकीचे विश्वस्तांच्या विवेकावर सोडले. लगेच पुढच्या महिन्यात पत्नीच्या नावाने दुसरा निधी निघाला, तो मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. त्याचे बहुतेक उत्पन्न जगभरच्या संशोधकांसाठी ठेवले आहे. एखादा संगमरवरी पुतळा स्वस्तात झाला असता! त्यानंतर पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असता ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांना मृत्यूने गाठले. ब्रुकवुड येथे दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

पुढचे काम एकट्याचे नव्हते. ज्युबिली हिरा विकला गेला आणि त्याचे पैसे निधीत जमा झाले. दोराबजींचे आतेभाऊ सर नवरोजी सकलातवाला यांनी कर्करोगासाठी इस्पितळ उभारण्याचा विचार नेटाने लावून धरला. १९३८ मध्ये तेही गेले, आणि जे. आर. डी. टाटांनी ते काम पुढे चालू ठेवले. अखेर महायुद्ध चालू असतानाच, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले. खाटा ८०, वार्षिक खर्च पाच लाख रुपये. ज्या काळी कर्करोग झालेल्याला घरीच एका खोलीत ठेवून वाट पाहत, त्या काळी धंदेवाल्यांच्या पैशातून ही सोय झाली, हे मला पोलादाच्या कारखान्याइतकेच मोठे वाटते.

१९५७ मध्ये इस्पितळ केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. त्या खात्याची सूत्रे तेव्हा डॉ. होमी भाभांच्या हाती होती, आणि मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या.