आजचं चिंतन : नामदेवराय आणि तुपाची वाटी (गीता 5.18)



आज आपल्या क्रमाने गीतेच्या पाचव्या अध्यायातला 18 वा श्लोक आला. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला सगळ्यात खाली ढकललं तो माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी लोक सारख्याच नजरेने पाहतात, हा त्याचा सरळ अर्थ. वाचायला दहा सेकंद लागतात. पण सारखी नजर म्हणजे रोजच्या जगण्यात नक्की काय करायचं? सगळ्यांना सारखं वाढायचं का? मला हा श्लोक भाष्य वाचून फारसा उलगडला नव्हता. नामदेवरायांचं चरित्र वाचताना उलगडला. म्हणून आज तेच सांगतो.

नामदेवांचा जन्म 1270 सालचा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराणं शिंप्याचं, कपडे शिवायचे आणि विकायचे. मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानतात, आज त्या गावाला नरसी नामदेव असंच म्हणतात. वाढले मात्र पंढरपुरात, विठोबाच्या दारात.

त्यांच्या लहानपणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वडील बाहेरगावी गेले होते, म्हणून आईने लहान नाम्याच्या हाती नैवेद्य देऊन त्याला देवळात पाठवलं. मोठी माणसं नैवेद्य दाखवतात, पाणी फिरवतात आणि ताट उचलतात. या पोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं. देव जेवतो असंच तो धरून चालला होता. देव जेवेना, तेव्हा रडला, हट्टाला पेटला, पायरीवर डोकं आपटून घ्यायला निघाला. शेवटी विठ्ठल जेवला. पंजाबात हीच गोष्ट दुधाच्या वाटीची म्हणून सांगतात आणि त्या प्रसंगावरचं नामदेवांचं पद गुरु ग्रंथ साहिबात आहे.

आपण या गोष्टीत चमत्कार बघतो. मला त्यात त्या पोराची काळजी जास्त दिसते. ताट ठेवलं म्हणजे आपलं काम झालं, असं त्याला वाटलं नाही. समोरचा जेवला की नाही, हे बघेपर्यंत तो तिथून हलला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोठेपणी राजाई घरात आली. नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं झाली, लिंबाई ही मुलगी झाली. जनाबाई तर याच घरात राबत होती, दळत-कांडत होती. एवढं मोठं खटलं आणि घरचा कर्ता पुरुष दिवसभर देवळात. गोणाई आणि राजाई दोघींची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. या घरात पोळीवर तूप पडणं ही रोजची गोष्ट नसणार, हेही डोक्यात असू द्या.

याच काळात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडं त्यांना भेटली. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका कुंभार थापटण्याने एकेकाचं डोकं तपासू लागले. मडकं भाजलंय की कच्चं, हे कुंभाराला आवाजावरून कळतं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे. देव ज्याच्या हातून जेवला, त्याला भर सभेत कच्चं ठरवलं. किती लागलं असेल!

गुरू हवा म्हणून नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. बघतात तर म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेव रागावले. विसोबांनी सांगितलं की बाबा, मला पाय हलवत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंडी. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंडी. पंढरपूरच्या एका गाभाऱ्यात त्यांनी जपून ठेवलेला देव त्या दिवशी सगळीकडे झाला.

कीर्तनात यानंतर बहुतेक वेळा कुत्र्याचा प्रसंग येतो आणि तो इथेच शोभतो. नामदेव जेवायला बसले आहेत. ताटात पोळी, कुणी भाकरी म्हणतात. तूप घ्यायला हात वळला, तेवढ्यात कुठून तरी कुत्रं आलं आणि पोळी तोंडात धरून पळालं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हाड्‌ केलं असतं, काठी शोधली असती. फार दयाळू असतो तर जाऊ दे म्हटलं असतं. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी पोळी घशाखाली उतरायची नाही देवा, थांबा, तूप लावून देतो, असं विनवत धावले. त्या कुत्र्याच्या रूपात पांडुरंग उभा राहिला, असं कथा सांगते. महिपतींनी भक्तविजय लिहिला 1762 मध्ये, म्हणजे नामदेवांनंतर चारशे वर्षांनी. त्यामुळे हा प्रसंग इतिहासाच्या कसोटीवर मी मांडत नाही. पण इतकी वर्षं लोकांनी नामदेवांची ओळख म्हणून नेमका हाच प्रसंग सांभाळला, त्याला कारण आहे. देवळातला तो पोरगाच इथे पुन्हा दिसतो. त्याची काळजी तीच आहे: समोरच्याला नीट जेवता आलं का?

पुढचं आयुष्य याच वाटेने गेलं. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव 26 वर्षांचे होते. तो सोहळा त्यांनी अभंगांतून आपल्यासाठी ठेवला. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्यात गेले. चोखोबांना हयातीत देवळाची पायरी चढू दिली नव्हती. नामदेव स्वतः मंगळवेढ्याला गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं त्या वेचल्या, असं परंपरा सांगते. त्या पंढरपुरात आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारू. गीतेच्या त्या श्लोकात कुत्रा आहे, तसा बहिष्कृत माणूसही आहे. कुत्र्याला मांडीवर घेणारं आपलं घर कामाला येणाऱ्या मावशींसाठी वेगळा कप ठेवत असेल, तर श्लोक अर्धाच वाचला गेला. नामदेवांनी तो पूर्ण वाचला होता.

ते उत्तरेतही गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं दीर्घ वास्तव्य झालं. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरलं होतं, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. 1350 मध्ये पंढरपुरात त्यांनी देह ठेवला. जागा कुठली निवडली? महाद्वाराची पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी म्हणून. आजही वारकरी आत जाण्याआधी नामदेव पायरीवर डोकं टेकतात.

आता तुपाच्या वाटीकडे वळतो, कारण माझ्या घरी तिच्यावरून खरोखर पेच पडला आहे.

आमचा मोती अकरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली. चार दिवस सलाईन. डॉक्टरांनी बजावलं की तूप, तेल, तळलेलं काही नको, पुन्हा सूज आली तर जिवावर बेतेल. आणि आमची आई वारकरी घरातली. लेकरासारख्या प्राण्यापुढे कोरडा भात ठेवायला तिचा हात धजेना. नामदेवांनी तर तूप लावून दिलं, मग आपण कोण अडवणारे, हा तिचा प्रश्न. मी त्या प्रश्नाला हसलो नाही. प्रश्न श्रद्धेचा होता आणि मोतीच्या जिवाचाही होता.

आम्ही दोघांनी बसून पुन्हा तो प्रसंग वाचला. नामदेव धावले ते कशासाठी? कोरडी पोळी त्या कुत्र्याच्या घशात अडकेल, याची काळजी त्यांना होती. खाणारा कोण आहे आणि त्याला काय सोसेल, हे त्यांनी आधी पाहिलं, तूप त्यानंतर आलं. मोतीला तूप सोसत नाही. मग त्याच्यासाठी वाटी मागे ठेवणं, हेच वाटी घेऊन धावणं नाही का? आई बराच वेळ गप्प होती. आता कुकर उघडला की मीठ-तूप पडायच्या आधी मोतीची भाताची मूद ती स्वतः बाजूला काढते, सोबत उकडलेला लाल भोपळा. नैवेद्याचं पान वाढून झालं की लगेच त्याची थाळी.

कुत्रा माणसाच्या ताटाकडे उगाच बघत नाही. 2013 मध्ये संशोधकांना आढळलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. आपल्या घासातला घास खात खातच तो आपला झाला. जुन्या घरांतून वैश्वदेवाच्या वेळी गायीबरोबर, कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढायचे. म्हणजे वाटून खाणं आपल्या रक्तातच आहे. पण त्याचं शरीर आपल्यासारखं नाही आणि नेमक्या आपल्या सणावारांच्या पदार्थांत त्याला घातक गोष्टी असतात:

- बेदाणे, मनुका, द्राक्षं: मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात आणि गणपतीच्या खिरापतीत बेदाणे असतात, हे विसरू नका.
- चॉकलेट: चॉकलेटचे मोदकही त्यातच आले.
- कांदा-लसूण, कच्चा किंवा शिजवलेला: रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. उरलेली भाजी-आमटी म्हणूनच नको.
- झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे च्युइंगगम, गोळ्या: थोडंसंही धोक्याचं.
- तळणीचे पदार्थ, खूप तूप: स्वादुपिंडावर ताण.

यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा. साधा भात, बिनमसाल्याचा उकडलेला भोपळा किंवा गाजर, साध्या पोळीचा तुकडा, हे बहुतेक निरोगी कुत्र्यांना थोड्या प्रमाणात चालतं. आजारी असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच. प्रसाद नाकारला असं मनात आणू नका. बेदाणे घालायच्या आधी शिऱ्याचा रवा कोरडाच भाजून, पाण्यात शिजवून चमचाभर बाजूला काढला, तरी त्या मुक्या जिवाचा वाटा निघतो.

श्लोकाने सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. सारखी नजर म्हणजे सगळ्यांच्या पानात सारखं वाढणं नव्हे. प्रत्येकाच्या भुकेकडे तितक्याच आस्थेने बघायचं आणि ज्याला जे सोसतं ते त्याला द्यायचं. आईने तापातल्या मुलाला पेज दिली आणि धडधाकट मुलाला भाकरी दिली, तर तिने भेद केला असं कुणी म्हणत नाही.

आजचा नेम : जेवायला बसण्याआधी आपल्यावर अवलंबून असलेल्या एका जिवाचं नाव मनात घ्या. घरचा कुत्रा असेल, जिन्यातली मांजर असेल, आजारी आजी असेल किंवा सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करणारे काका असतील. त्यांना काय हवंय आणि काय सोसेल, हे आधी विचारा किंवा बघा. मग वाढा. वाढून झाल्यावर ते जेवले का, हेही बघा.

उद्या श्लोक 19. तोपर्यंत जपमाळ चालू राहू द्या.

जय जय राम कृष्ण हरी.